मशीनवरचा भंडारा

(सांगली, १९९८. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, भर दुपार. एसटी स्टँडामागं, जिना चढून गेल्यावर मिलिंदचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. टेबलावर आटपाडीकडून आणलेलं एक मशीन झाकण काढून ठेवलंय. त्याचा मालक इंद्रजित मिलिंदशेजारी बसलाय. इंद्रजितचे चुलते ज्योतिबा, म्हणजे तात्या, खाली, जिन्याच्या पहिल्या पायरीवर.)

मिलिंद : म्हणजे एवढं सगळं एकट्या हळदीनं केलं, असं तुझं म्हणणं.

इंद्रजित : हळद न्हवं भाऊ, भंडारा. बिरोबाचा. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा असती, तवा तात्यांनी ओंजळभर वतला मशीनवर. त्या दिसापासनं चालूच हुईना.

मिलिंद : ओंजळभर? झाकण काढलं तेव्हा मला वाटलं, आत कुणीतरी पिठलं घाटायला घेतलंय.

इंद्रजित : हसताय काय. माझा जीव हितं थाऱ्यावर न्हाई.

मिलिंद : हसत नाही बाबा. पंखा पुसला, कार्डं पुसली, हळद ब्रशनं कागदावर उतरवून घेतली. ती बघ पुडी. आता मशीनला वीज मिळतेय, पंखा फिरतोय, डिस्कपण फिरतेय. कान दे जरा. खरखर येतीय काय?

इंद्रजित : न्हाई.

मिलिंद : मग दुखणं कुठाय? पडद्यावर काय येतं ते वाच.

इंद्रजित : इंग्रजीत एक वळ हाय. ऑपरेटिंग सिस्टीम न्हाई म्हणतंय.

मिलिंद : बरोबर. डिस्क जिवंत आहे, पण सुरुवात कुठनं करायची तेच तिला सापडत नाही. इतके दिवस असंच झाकून ठेवलंस?

इंद्रजित : दसरा गेला, दिवाळी गेली. आणू आणू म्हणत ऱ्हायलं.

मिलिंद : आणि आज आठवण झाली?

इंद्रजित : तात्या रोज इचारायचं. परवा म्हणालं, तुला सवड नसंल तर मी मशीन डोक्यावर घेतो आन् चालत सांगलीला जातो. त्यांचा काय नेम न्हाई, खरंच निघालं असतं. मग आलो.

मिलिंद : आहे काय एवढं ह्यात? अर्ज, ठराव, लग्नपत्रिका?

इंद्रजित : ते गेलं तर जाऊ दे वं. ओव्या हायत ह्यात. आमच्या वाडीत बिरोबाम्होरं दोघं मिळून म्हणत्यात. एकानं उचलायचं, दुसऱ्यानं जोडायचं. एका बाजूला तात्या, दुसऱ्या बाजूला गुंडाआण्णा. आन् आमच्यात रीत अशी हाय, जोडीदाराची बाजू आपण तोंडात घ्यायची न्हाई. उष्टं घेतल्यागत हुतं म्हणत्यात. त्यामुळं जल्मभर जोडीनं गायलं तरी तात्यांना गुंडाआण्णांची बाजू सलग ठावं न्हाई.

मिलिंद : मग गुंडाआण्णांना बसव आणि परत टाइप कर.

इंद्रजित : गुंडाआण्णा श्रावणात गेलं.

मिलिंद : अरे देवा.

इंद्रजित : त्यांचा पोरगा पुण्याला कंपनीत. त्याला एक वळ येत न्हाई. आपलं दिस भरल्यालं आण्णांना कळलंच हुतं. उन्हाळ्यात माझ्या टायपिंगच्या दुकानात येऊन बसायचं, डोळं मिटून सांगायचं, मी बोटं आपटायचो. सगळी बाजू सांगितली. शेवटचं सांगून झालं तवा म्हणालं, आता मी मोकळा झालो.

मिलिंद : आणि तू ते छापून ठेवलं नाहीस.

इंद्रजित : पुस्तकच काढायचं हुतं. म्हणलं एकदमच छापू.

मिलिंद : फ्लॉपीवर तरी?

इंद्रजित : घेतलं हुतं. मग हायस्कुलाच्या सरांचा पेपर आला, घाई हुती, दुसरी फ्लॉपी नव्हती...

मिलिंद : त्यावरच घेतलास.

इंद्रजित : मशीनमदी हायच की, म्हणलं.

मिलिंद : सगळे हेच म्हणतात. माझ्याकडं येणारा प्रत्येक माणूस ह्याच वाक्याची वाट तुडवत येतो. बरं, आता कोण हाक मारतंय खालनं?

ज्योतिबा : इंद्र्या! आरं इंद्र्या! मेंढरं घावली का रं?

मिलिंद : मेंढरं?

इंद्रजित : ओव्यांना म्हणत्यात तसं. मीच एकदा समजावून सांगितलं हुतं, की तुमचं एकेक कडवं आत एकेका मेंढरागत कोंडलंय म्हणून. भाऊ बघत्यात, तात्या! अजून बघत्यात!

मिलिंद : वर या की तात्या! खाली उन्हात कशाला बसलाय? खुर्ची आहे, पंखा आहे!

ज्योतिबा : नगं सायेब. म्या हितंच बरा हाय. माज्या सावलीनं आनि काय बिघडायचं.

मिलिंद : तात्या, सावलीची गोष्ट माझ्याशी बोलू नका. आमच्या घराण्यानं ती लय ऐकलीय. या वर.

ज्योतिबा : तुमचं न्हाई वं म्हनत. माजं म्हनतोय. हात हलका ऱ्हायला न्हाई माजा. ज्याला लावंल ते बसतंय. तुमी करा तुमचं काम, म्या न्हाई येत त्या मिशिनीजवळ.

मिलिंद : चहा आलाय, तो तरी घ्यायला या.

ज्योतिबा : पोऱ्याला म्हनावं तितं पायरीवर ठेव. म्या घेतो.

मिलिंद : असंच चाललंय काय घरी पण?

इंद्रजित : व्हय. खंडेनवमीपासनं कशाला हात लावत न्हाईत. भंडाऱ्याची पिशवी कमरेला असायची, ती खुंटीला अडकवली ती अडकवलीच. गजीचा नाच झाला, नाचलं न्हाईत. दसऱ्यानंतर माझ्या पोरीचं बारसं झालं...

मिलिंद : पोरगी झाली? पेढा कुठाय?

इंद्रजित : बारशाला पोराच्या कपाळाला भंडारा घरातल्या थोरल्यानं लावायचा असतो. तात्या उंबऱ्याच्या भाईर उभं. आत आलंच न्हाईत. बायको म्हणाली, आवं तात्या या की. तर म्हणालं, नगं बाय, लेकराला काय झालं म्हंजी. शेवटी तसंच नाव ठेवलं.

मिलिंद : तसंच म्हणजे? भंडाऱ्याविना?

इंद्रजित : भंडाऱ्याविना.

मिलिंद : हं. थांब, मला ही डिस्क माझ्या मशीनला जोडून बघू दे. बोलू नको थोडा वेळ.

इंद्रजित : बरं.

मिलिंद : इंद्रजित.

इंद्रजित : काय वं? गेलं का?

मिलिंद : हे बघ. डिस्कच्या अगदी तोंडाशी एक छोटा तक्ता असतो. आतली जागा कुठनं कुठपर्यंत, किती वाटे, कुठला वाटा कितीचा, ते सगळं त्यात लिहिलेलं असतं. तुझ्या डिस्कला आधी किती वाटे होते?

इंद्रजित : एकच. सी.

मिलिंद : इथं दोन दिसतात.

इंद्रजित : असंल की. भंडाऱ्यानं कायतरी उलटंपालटं झालं असंल.

मिलिंद : ही डिस्क लोखंडी डबीत बंद असते. तिच्यात पिठाचा कण जाऊ शकत नाही, हळदीचा पण नाही. आणि समजा गेली, तरी हळद मोजूनमापून बरोबर अर्धा अर्धा वाटा पाडत नाही. वाटे पाडायचा प्रोग्राम असतो, एफडिस्क. हळदीला एफडिस्क येत नाही, इंद्रजित. कुणी चालवलं?

इंद्रजित : हळू बोला. खाली ऐकू जाईल.

मिलिंद : कुणी चालवलं?

इंद्रजित : मी.

मिलिंद : कधी?

इंद्रजित : खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. भंडाऱ्याच्या आदी. दुसऱ्या दिशी सकाळी तात्यांनी भंडारा वतला तवा मशीन बंदच पडल्यालं हुतं.

मिलिंद : का रे बाबा? काय गरज होती?

इंद्रजित : इट्याला कॉम्प्युटरच्या क्लासात सरांनी एकदा करून दाखवलं हुतं. एका डिस्कच्या दोन करायच्या. मला वाटलं, ओव्यांना वायली जागा करावी. डी ड्राइव्ह, आन् तिचं नाव तात्या. उद्या पूजेला सगळी वाडी येणार, सगळ्यांम्होरं दावायचं, हे बघा, हे घर तात्यांचं आन् गुंडाआण्णांचं. चांगलंच करायला गेलो हुतो वं.

मिलिंद : मशीननं विचारलं नाही? सगळं जाईल, खात्री आहे काय म्हणून?

इंद्रजित : इचारलं की. पडदाभर लिवून आलं.

मिलिंद : मग?

इंद्रजित : इंग्रजीत हुतं. अर्धं कळलं, अर्धं न्हाई. सर दाबायचं तसं मी वाय दाबलं. गावात मला कॉम्प्युटरवाला म्हणत्यात भाऊ, आन् मला ते चार वळींचं इंग्रजी धड वाचता आलं न्हाई. आता तुमाला हसायचं असंल तर हसा.

मिलिंद : नाही हसत. मी पण पहिल्यांदा न वाचताच दाबलं होतं. ते तुझं पाप नव्हे. पुढचं सांग.

इंद्रजित : रात जागून काढली. सकाळी सगळी आली. पिठाच्या गिरणीवालं आप्पासो, सोसायटीची माणसं, बायका, पोरं. तात्या धुतलेलं धोतर, पटका घालून आलं. म्हणालं, ह्यात आमचा गुंडा हाय, ह्याला मान पयला. आन् वतला भंडारा. सगळी म्हणाली, आता लाव चालू. मी बटण दाबलं. काळा पडदा. आप्पासो मोठ्यांदा म्हणालं, काय रं इंद्रजित, तुझा कॉम्प्युटर बी उपाशी हाय का आज? सगळी हासली. माझं कान तापलं. आन् तोंडातनं निघून गेलं...

मिलिंद : काय निघालं?

इंद्रजित : तात्यांनी भंडारा वतला, आत गेला, जळालं सगळं. असं म्हणालो.

मिलिंद : सगळ्यांसमोर.

इंद्रजित : सगळ्यांम्होरं. हासणं गप झालं. तात्यांचा हात तसाच वर हुता, पिवळाधमक. त्यांनी नुसतं हाताकडं बघितलं. काय बोललं न्हाईत. धोतराला पुसला आन् निघून गेलं.

मिलिंद : आणि तू तेव्हाच पळत मागं का गेला नाहीस?

इंद्रजित : मला वाटलं, संध्याकाळी सांगीन. मग दसरा आला. मग बारसं. जितकं दिस जात्यात तितकं तोंड शिवल्यागत झालं. बारशाला ते उंबऱ्यात उभं हुतं तवा मी मधल्या खोलीत जाऊन बसलो. पोरीचा बाप, आन् कोनाड्यात तोंड घालून बसलो. लाज लाज वाटली भाऊ. अजून वाटती. एसटीमदी शेजारी बसलो हुतो तर त्यांनी हात काखंत धरलं हुतं, मशीनला धक्का लागू नये म्हणून. मांडीवर मशीन माझ्या, आन् हात काखंत त्यांचं.

मिलिंद : हं.

इंद्रजित : एक काम करा. ओव्या निघाल्या तर तात्यांना एवढंच सांगा, भंडारा लागला हुता, पण साफ केला, आता ठीक झालं. तुमी सांगितलं तर पटंल त्यांना. तेबी खूश, मीबी सुटलो.

मिलिंद : म्हणजे भंडाऱ्याचा दोष तसाच ठेवायचा. फक्त धुऊन काढला म्हणायचं.

इंद्रजित : तसं न्हवं...

मिलिंद : तसंच आहे. ऐक. माझा आजा लोणंदकडचा. त्याच्या हाताला लोकांनी जन्मभर हेच चिकटवलं. विहिरीला शिवला, पाणी बाटलं. कुणाच्या म्हशीला हात लागला, दूध आटलं. पाण्याला काही झालं नव्हतं, म्हशीचं दूध तर वैरण नव्हती म्हणून आटलेलं. छप्पन्न साली त्यानं दीक्षा घेतली, घरातले देव उतरवले, पोरांना शाळेत घातलं. सगळं झालं. पण कुणाच्या दारात गेला की हात मागं बांधून उभा राहायचा. माझ्या दुकानाच्या उद्‌घाटनाला आला तेव्हासुद्धा. मी म्हटलं, आबा, तुमच्या नातवाचं दुकान आहे, लावा की हात. तर म्हणाला, नको, महागाचं आहे. मेला तेव्हा पण असंच वाटत होतं त्याला, आत कुठंतरी. आणि आज माझ्या जिन्यात एक म्हातारा हात काखेत घालून बसलाय. त्याला तसं बसवणारा माझ्यासमोर बसलाय, चहा पितोय.

इंद्रजित : मी ते तसं मनात धरून न्हाई वं केलं.

मिलिंद : ते पण मनात धरून करत नव्हते. त्यांना पण तेवढ्यापुरती दोष दुसऱ्याच्या गळ्यात घालायची सोय होती. मी खोटं सांगणार नाही, इंद्रजित. खरं पण मी सांगणार नाही. ते तुझं आहे. मी फक्त डिस्क बघतो.

इंद्रजित : आन् ओव्या न्हाईच निघाल्या तर?

मिलिंद : तरी सांगायचं. उलट तेव्हा तर सांगायचंच. आता सरक जरा, उजेड अडवू नको. नंतर फॉरमॅट मारलं होतंस काय?

इंद्रजित : न्हाई. भ्यालो हुतो. परत हातच लावला न्हाई.

मिलिंद : भ्यालास ते बरं केलंस. भित्रेपणाचा एवढा एकच उपयोग झाला तुझ्या. बघ, तू काय केलंस तर मेंढरांभोवतीची जाळी उपटलीस आणि भलतीकडं दोन जाळ्या रोवल्यास. मेंढरं होती तिथंच बसून आहेत. मी तुझ्या जाळ्या काढतो आणि जुनी होती त्याच खुणांवर परत रोवतो. खुणा सापडल्या पाहिजेत, बस.

इंद्रजित : सापडत्यात?

मिलिंद : गप. ...ही एक. ...आणि कुठली फाइल कुठं आहे त्या यादीची पहिली प्रत खराब आहे, पण मशीन दोन प्रती ठेवतं. दुसरी चांगली दिसतेय. आता लिहितो. देवाचं नाव घ्यायचं असेल तर घे, मी घेत नाही.

इंद्रजित : घेतलं.

मिलिंद : बंद. परत चालू. ...आली. वाटा एकच दिसतोय, पहिल्यासारखा. ही तुझी फोल्डरं. ओव्या कुठं असतात?

इंद्रजित : ते बघा, ते गुंडा लिवलंय ते! उघडा! उघडा की!

मिलिंद : उघडलं.

इंद्रजित : हे... हे काय? ही नुसती चिन्हं हायत. कंस, टोप्या, उलटीपालटी इंग्रजी अक्षरं. सडलं सगळं. भाऊ, सडलं हो. आण्णा गेलं, आता हेबी...

मिलिंद : रडू नको. खाली ऐकू जाईल, तूच म्हणालास. अरे, माझ्या मशीनवर मराठी फाँट कुठाय? तू ज्या अक्षरांत टाइप केलंस ती अक्षरं तुझ्याच डिस्कवर आहेत. ती ह्याला देतो, मग बघ. ...हं. आता वाच मोठ्यानं.

इंद्रजित : आण्णांचं हाय. आण्णांचंच हाय. कानामात्रेसकट. ही चूक बघा, हितं मी कोकराचं कोकारा केलंय, आण्णा वाचायला शिकलं नव्हतं म्हणून राहिलं. सगळं हाय!

मिलिंद : आधी दोन फ्लॉप्यांवर घेतो. एक तुझ्याकडं, एक माझ्या कपाटात. आणि तो प्रिंटर चालू करतो. आता हाक मार.

इंद्रजित : कुणाला?

मिलिंद : कुणाला म्हणजे?

इंद्रजित : तात्या! ...तात्या, वर या!

ज्योतिबा : घावली?

इंद्रजित : घावली. वर या तुमी.

ज्योतिबा : हितनंच सांग. किती घावली? गुंडाची हायत का?

इंद्रजित : सगळी हायत. पर वर आल्याबिगार मला बोलता यायचं न्हाई. माझं ऐका, या.

मिलिंद : या तात्या. कठड्याला धरा. लावा हात, लोखंडाचा आहे, काही होत नाही त्याला.

ज्योतिबा : आलो, आलो. ...म्या हितं दारातच हुबा ऱ्हातो हां सायेब. देवानं मानलं म्हनायचं. सायेब, तुमचं लय उपकार झालं. माज्या हातनं लय मोठी चूक झाली हुती, गड्या गुंडाला म्या म्हातारपनी बुडवलं हुतं...

इंद्रजित : तात्या, तुमच्या हातनं कायबी झालं न्हाई.

ज्योतिबा : असूं दे रं. मन राखायला नगं बोलूस.

इंद्रजित : मन राखत न्हाई. भंडाऱ्यानं मशीन बिघडलं न्हाई. आदल्या दिवशीच बिघडलं हुतं. मी बिघडवलं. मला येत नव्हतं ते करायला गेलो, आन् मशीन बंद पाडलं. तुमी भंडारा वतला तवा ते मेल्यालंच हुतं. मला ठावं हुतं. लोकं हासली म्हणून मी तुमच्या नावावर घातलं. मारा मला, तात्या.

ज्योतिबा : सायेब, ह्यो म्हनतोय ते खरं हाय?

मिलिंद : खरं आहे, तात्या. भंडारा पंख्याला नि कार्डांना लागला होता, तो पुसला. ओव्या ज्या डबीत आहेत तिच्या आत जायला वाटच नाही त्याला.

ज्योतिबा : आत जायला वाटच न्हाई.

मिलिंद : नाही.

ज्योतिबा : म्या दसऱ्याला बिरूबाच्या पायरीवर बसून काय म्हनलो, ठावं हाय का इंद्र्या? देवा, म्हनलो, ह्यो हात घे. जळू दे, वाळू दे, कायबी कर, पर गुंडाचं माघारी दे. देवाला हात दिला म्या. कुनाच्या पायी? तुज्या?

इंद्रजित : चुकलं तात्या.

ज्योतिबा : आन् तुजी पोरगी. तिचं नाव ठेवलं तवा म्या भाईर. तुला दिसत हुतो का न्हाई म्या?

इंद्रजित : दिसत हुता.

ज्योतिबा : मंग?

इंद्रजित : मधल्या खोलीत गेलो. तुमी दिसू नये म्हणून.

ज्योतिबा : व्हय. म्या बघितलं तुला जाताना. म्हनलो, पोराला माजा राग आलाय, त्याचं एवढं नुसकान केलं म्हून. राग न्हाई येनार तर काय हुईल? म्हनलो, गप ऱ्हावं आपन.

मिलिंद : तात्या, बसा. ही खुर्ची घ्या. पाणी देऊ?

ज्योतिबा : पानी नगं. गुंडाचं वाचून दावा. न्हाई, तुमी न्हवं. ह्यो वाचंल. त्यानं लिवलंय, त्यानंच वाचायचं.

इंद्रजित : वाचतो. «माळावरती वारं सुटलं, वाट चुकली कोकराला. आई वरडती वाड्यापाशी, साद पोचंना लेकराला. धनी माजा पुढं गेला, कुनी मोजलं न्हाई बघा. एक कमी हाय म्हनून, काळीज सांगतं मेंढरा...»

ज्योतिबा : बस. हितं गुंडा थांबायचा. थांबून माज्याकडं बघायचा, हिकडं मान करून, डोळं मिचकावून. आता तू उचल म्हनायचा. आन् म्या उचलायचो.

मिलिंद : उचला की मग. इथंच.

ज्योतिबा : न्हाई सायेब. ते देवाम्होरं. हितं दुकानात नगं. पर ऐकलं ते बरं झालं. गुंड्याच वाटला. मरून ग्येला तरी शिंच्याचा ठेका सुटला न्हाई.

मिलिंद : हे छापलेलं. सगळी बाजू आहे. आणि ही तुमची पुडी.

ज्योतिबा : ही काय?

मिलिंद : तुमचा भंडारा. ब्रशनं काढला, सांडू दिला नाही. मी मानत नाही तात्या, पण तुमचा आहे तो. तुमच्या हातात द्यायला ठेवला होता.

ज्योतिबा : तुमी राखून ठेवला. ...आना. ...लय दिसानं हातात आला. लई दिसानं.

इंद्रजित : तात्या, मलाबी लावा. वाकलोय.

ज्योतिबा : हूट. सरळ उभा ऱ्हा.

इंद्रजित : तात्या...

ज्योतिबा : तुला न्हाई. जितं लोकांम्होरं म्हनलास तितंच लोकांम्होरं सांगायचं. तुज्या दुकानाच्या दारात. आप्पासोला बलवायचं, बायकांना बलवायचं, ज्यं ज्यं हुतं त्या समद्यांना. त्यंच्याम्होरं म्हन, की हात माजा हुता. मंग ये वाकायला.

इंद्रजित : सगळ्यांम्होरं?

ज्योतिबा : का? लाज वाटती?

इंद्रजित : वाटती.

ज्योतिबा : वाटू दे. मलाबी वाटत हुती की, रोज. उगीचची. तुजी तरी खरी हाय.

इंद्रजित : सांगतो. उद्याच सांगतो. देव साक्ष.

ज्योतिबा : देवाला मधी नगं घिऊ. तू सांग नुसतं. सायेब, ही मिशिन आमी न्यायची का आजच?

मिलिंद : उद्या-परवा न्या. नीट बसवून देतो, परत काही व्हायला नको. आणि तात्या, पुढच्या खंडेनवमीला भंडारा वरून लावा, चिमूटभर. पंख्याला सर्दी होते.

ज्योतिबा : चिमूटभर काय वं. एका बोटानं लावतो. पर लावनार.

मिलिंद : लावाच.

ज्योतिबा : मंग येतो आमी. इंद्र्या, ते कागद पिशवीत घाल, चुरगळू नगं. पुडी म्या घेतो, कमरेला. आन् ही आता सुटनारी यष्टी घावली तर आपन किती वाजता पोचू रं?

इंद्रजित : दिवं लागायला पोचू. का?

ज्योतिबा : पोरगी जागी घावंल का मंग?